मुखवट्याआडचा न्याय

अन्यायाचा प्रतिकार करणे हे माणसाचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हा प्रतिकार करताना स्वतःचा चेहरा झाकून घेण्याचा अधिकार माणसाला आहे काय? प्रश्न तसा जुनाच आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात एका मेंढपाळाची कथा येते. बोटातील अंगठी फिरवताच त्याला अदृश्य होता येत असे. ही शक्ती हाती येताच त्याने राजाचा घात केला आणि राज्य बळकावले. कुणी पाहत नसताना माणूस नीतीने वागेल काय, असा त्या कथेमागचा प्रश्न आहे. आपल्या काळातील करमणुकीच्या माध्यमांनी हाच प्रश्न उलट बाजूने मांडला आहे. कुणी ओळखत नसताना माणूस दुर्बलांच्या रक्षणासाठी हिंसा करू लागला, तर त्या कृत्यातील चांगुलपणा टिकून राहतो काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही 'डेअरडेव्हिल' या अमेरिकन मालिकेचे निमित्त घेत आहोत. अशा मालिका आपल्या घरांतील तरुण मुलेमुली आवडीने पाहतात आणि वडीलधारी मंडळी बहुधा त्यांना पोरखेळ समजून बाजूला सारतात. ही मालिका मात्र पोरखेळ नाही. तिच्यातील हिंसा अंगावर काटा आणणारी असून लहान मुलांनी ती पाहू नये, असेच आमचे मत आहे. तथापि तिचा नायक कॅथलिक आहे, तो पापनिवेदनाला जातो, आणि त्याच्या मनातील झगडा ख्रिस्ती नीतिशास्त्राच्या भाषेत मांडलेला आहे. म्हणूनच या पृष्ठांवर तिचा विचार होणे आम्हास योग्य वाटते.

डेअरडेव्हिल हे पात्र स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी १९६४ साली चित्रकथेसाठी निर्माण केले. २०१५ ते २०१८ या काळात नेटफ्लिक्सवर त्याची मालिका तीन पर्वांत आणि एकूण ३९ भागांत प्रदर्शित झाली. २०२५ साली 'डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन' या नावाने ती कथा डिस्नेच्या वाहिनीवर पुढे सुरू झाली. चार्ली कॉक्स या नटाने रंगवलेला मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्क शहरातील हेल्स किचन या वस्तीत वाढलेला मुलगा. मॅनहॅटनच्या पश्चिमेकडील ही वस्ती एकेकाळी गरीब आयरिश स्थलांतरितांची म्हणून ओळखली जाई. मॅटचे वडील मुष्टियोद्धे होते. बालपणी एका अपघातात मॅटची दृष्टी गेली. मात्र त्याची श्रवणशक्ती आणि इतर संवेदना विलक्षण तीव्र झाल्या. ठरवून हरण्यास नकार दिला म्हणून वडिलांचा खून झाला, आणि पोरका मॅट धर्मभगिनींच्या अनाथाश्रमात वाढला. पुढे तो वकील झाला. दिवसा तो फॉगी नेल्सन या मित्राबरोबर गोरगरिबांचे खटले चालवतो. रात्री मुखवटा चढवून त्याच वस्तीतील गुंडांना हाडे मोडेपर्यंत मारतो. दिवसा तो ज्या कायद्याची शपथ वाहतो, तोच कायदा रात्री मोडतो.

मालिकेच्या पहिल्याच भागात मॅट पापनिवेदनासाठी गुडघे टेकतो. तेथे तो आपल्या वडिलांविषयी बोलतो, आणि शेवटी फादर लॅन्टम यांना सांगतो की, आपल्याला क्षमा हवी आहे ती केलेल्या कृत्यांसाठी नव्हे, तर जे आपण करणार आहोत त्यासाठी. हा संस्कार अशा रीतीने चालत नाही, असे फादर त्याला सांगतात. प्रसंग थोडक्यात आटोपतो. परंतु साऱ्या मालिकेचे मर्म त्यात आहे. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पश्चात्तापाचे स्वरूप स्पष्ट केले, तेव्हा घडलेल्या पापाविषयी दुःख आणि तिरस्कार यांच्या जोडीने पुन्हा पाप न करण्याचा निर्धारही त्यात अंतर्भूत केला. जो माणूस उद्याच्या कृत्यासाठी आज क्षमा मागतो, त्याच्याजवळ तो निर्धार नसतो. तो देवाकडे परवाना मागत असतो. मॅटला हे ठाऊक आहे आणि तरीही तो येतो. कारण आपण जे करणार आहोत ते सर्वस्वी निर्दोष नाही, ही टोचणी त्याला आहे. त्याचा विवेक जागा आहे, हे त्याचे मोठेपण. त्या विवेकाला तो उत्तर मात्र देत नाही.

येथे मॅटच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा पुढे ठेवणे न्यायाचे होईल. पहिल्या पर्वाच्या दहाव्या भागात मुखवट्याचे रहस्य फॉगीसमोर उघड होते, तेव्हा आपण हा मार्ग का धरला ते मॅट त्याला सांगतो. शेजारच्या इमारतीत एक बाप रात्री आपल्या लहान मुलीच्या खोलीत जाई. मॅटच्या तीक्ष्ण कानांना ते रडणे ऐकू येई. त्याने बालकल्याण खात्याला कळवले. पण आईचा त्यावर विश्वास बसेना आणि बाप सावध होता. कायद्याचे हात तेथे थांबले. मग एका रात्री चेहरा झाकून मॅटने त्या बापाला एकटे गाठले आणि इतके मारले की महिनाभर तो रुग्णालयात पडून राहिला. आपल्याला त्यानंतर जशी झोप लागली तशी पूर्वी कधीच लागली नव्हती, असे मॅट सांगतो.

या प्रसंगासमोर 'हिंसा वाईट' एवढे म्हणून मोकळे होणे हा भित्रेपणा ठरेल. कोणत्याही आईबापाने आपल्या मनाशी प्रामाणिकपणे विचार केला, तर त्या रात्री आपणही त्या मुखवटाधाऱ्याचीच बाजू घेतली असती, असे त्याला आढळेल. ख्रिस्तसभाही निर्बलाला वाऱ्यावर सोडून द्या, असे शिकवत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या प्रतिकाराला मान्यता दिली आहे. मात्र तो गरजेपुरताच असावा, अशी अट घातली आहे. ज्यांच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्यांच्या बाबतीत संरक्षण हा केवळ हक्क नसून ते गंभीर कर्तव्य आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण सांगते. मॅट त्या दाराशी धावून गेला असता, बापाचा हात धरला असता, प्रसंगी दोन तडाखे दिले असते, तर त्याला दोष देण्यास कुणी धजावले नसते.

पण तो दाराशी गेला नाही. त्याने वाट पाहिली, जागा निवडली, चेहरा झाकला आणि शिक्षा ठरवून ती अमलात आणली. संरक्षण आणि शिक्षा यांच्यामधली सीमा येथे ओलांडली गेली. अपराध्याला शिक्षा देण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही, तो समाजाच्या वतीने जबाबदारी वाहणाऱ्या सत्तेचा आहे, हा भेद अक्वायनस यांनी आग्रहाने केला आहे. याचे कारण सत्ताधारी अधिक पवित्र असतात असे नव्हे. शिक्षा देणाऱ्याला कुणीतरी जाब विचारू शकले पाहिजे, हे त्याचे कारण आम्हास दिसते. न्यायाधीशाचे नाव निकालपत्रावर असते, त्याच्या निकालावर अपील करता येते, आणि त्याची चूक दाखवून देता येते. मुखवट्यावर अपील कुठे करणार?

त्या कथनाचा शेवटही लक्षात घेण्याजोगा आहे. तो मुलीपाशी होत नाही, मॅटच्या गाढ झोपेपाशी होतो. त्या मुलीला सर्वांत अधिक गरज कशाची होती? आपले कुणीतरी खरे मानावे, आपल्या आईने आपल्याला जवळ घेऊन तुझा दोष नाही असे म्हणावे, याची. ते काम मुखवट्याला जमले नाही, जमणारही नव्हते. मुखवटा साक्षीला उभा राहू शकत नाही. मारहाणीने बाप रुग्णालयात गेला. आईचा अविश्वास मात्र होता तिथेच राहिला.

पुढे फादर लॅन्टम यांच्याशी बोलताना मॅट विल्सन फिस्क या गुन्हेगारांच्या म्होरक्याला ठार करण्याचा विचार बोलून दाखवतो. तेव्हा फादर त्याला जो प्रश्न विचारतात, त्याचा आशय असा : मारणे भाग आहे म्हणून तू कष्टी आहेस, की भाग नसतानाही मारावेसे वाटते म्हणून? गरज आणि इच्छा यांची ही फोड फार मोलाची आहे. आपल्याला हवी असलेली गोष्ट गरजेचे नाव घेऊन आपल्यापुढे उभी राहते, हा अनुभव मुखवटा न घालणाऱ्या माणसांनाही आहे. घरात मुलावर हात उगारणारा बाप 'शिस्तीसाठी' असे म्हणतो, तेव्हा त्यात शिस्त किती आणि राग किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते.

आता गुप्ततेविषयी. आमच्या विवेचनावर कुणी असा आक्षेप घेईल की, ख्रिस्तसभा स्वतःच गुप्ततेचा आदर करते. मग मॅटच्या गुप्ततेला दोष का? आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पापनिवेदनातील गुपित धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करता कामा नये, आणि जो ते थेट उघड करील त्याला बहिष्काराची शिक्षा आहे. पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशूने गुप्तपणे दान करण्याची शिकवण दिली आहे. ज्याला सत्य जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याला ते सांगण्याचे बंधन नाही, हेही धर्मशिक्षणात नमूद आहे. तेव्हा प्रत्येक गुपित म्हणजे लबाडी नव्हे.

परंतु या गुप्ततेचे आणि मुखवट्याचे कार्य परस्परांच्या उलट आहे. पापनिवेदनात माणूस पडद्याआड असतो, त्याचे नावही विचारले जात नाही. तरी तेथे त्याला 'हे मी केले' असेच म्हणावे लागते. गुप्त दानात देणारा आपली कीर्ती सोडतो. घेणाऱ्याचे मात्र काहीच हिरावले जात नाही. मुखवटा चढवणारा 'हे मी केले' हे वाक्यच टाळतो. त्याच प्रवचनात प्रभूने ज्यांना ढोंगी म्हटले, त्यांच्यासाठी शुभवर्तमानाच्या ग्रीक भाषेतील जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'नट' असा आहे, आणि ग्रीक रंगभूमीवरचे नट मुखवटे घालीत. नाटकात ते क्षम्य आहे, कारण समोर मुखवटा आहे हे प्रेक्षक जाणतो. मॅटच्या मित्राला ते ठाऊक नव्हते.

फॉगीचे दुःख म्हणूनच मनाला भिडते. मॅटला समोरच्याच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. त्यावरून कोण खरे बोलतो आणि कोण खोटे, हे त्याला कळते. म्हणजे इतकी वर्षे तो मित्राच्या अंतःकरणात परवानगीवाचून डोकावत होता आणि स्वतःचे अंतःकरण बंद ठेवीत होता. त्याने मित्राला संकटापासून दूर ठेवण्यासाठी हे केले, असे तो म्हणतो आणि त्यात तथ्यही आहे. तथापि एकाने सर्व जाणावे आणि दुसऱ्याने काहीच जाणू नये, अशा नात्याला मैत्री म्हणणे कठीण आहे. दुसऱ्या पर्वात या दुहेरी आयुष्याची किंमत अधिक स्पष्ट होते. ऐन खटल्याच्या वेळी मॅट न्यायालयात नसतो, आणि अखेरीस दोघा मित्रांची वकिली बंद पडते. रात्रीच्या न्यायाने दिवसाचा न्याय गिळून टाकला. तिसऱ्या पर्वात तर नियतीने त्याच्यावरच डाव उलटवला. अनाथाश्रमातील सिस्टर मॅगी ही आपली जन्मदाती आई आहे आणि फादर लॅन्टम यांना ते ठाऊक होते, हे कळताच तो संतापतो. ज्याने स्वतः जिवलगांपासून इतके लपवले, त्याला लपवले जाण्याची वेदना तेव्हा कळते.

मुखवट्याचा आणखी एक धोका आहे. मुखवटा कुणा एकाचा राहत नाही. तिसऱ्या पर्वात फिस्कच्या आधीन झालेला डेक्स पॉइन्डेक्स्टर हा सरकारी गुप्तचर डेअरडेव्हिलचा हुबेहूब पोशाख चढवून वृत्तपत्राच्या कचेरीत आणि नंतर चर्चमध्ये रक्तपात करतो. लोक म्हणतात, हे डेअरडेव्हिलने केले. आणि मॅटला ते खोडून काढता येत नाही, कारण 'मी तो नव्हे' असे म्हणायला आधी 'मी तो आहे' असे म्हणावे लागते. २०२५ च्या कथेत हेच पुन्हा घडते. 'पनिशर' या नावाने गुन्हेगारांना सरसकट ठार मारणाऱ्या फ्रँक कॅसलची कवटीची खूण इतर माणसे छातीवर मिरवू लागतात, आणि न्यायालयातून निर्दोष सुटलेल्या हेक्टर अयाला या भल्या माणसाची अशीच खूण ल्यालेला इसम हत्या करतो. माणसाच्या सद्गुणांचा ठसा त्याच्या चेहऱ्यावर आणि नावावर असतो, मुखवट्यावर तो उमटत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाचे नाव उच्चारले जाते ते उगाच नव्हे. यापुढची त्याची बरीवाईट कृत्ये त्या नावाने ओळखली जाणार असतात.

डेक्स चर्चमध्ये शिरतो तेव्हा त्याला कॅरन पेज या तरुणीचा जीव घ्यायचा असतो. त्याने फेकलेले शस्त्र तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी वृद्ध फादर लॅन्टम मध्ये येतात आणि प्राण सोडतात. आम्हास हा सबंध मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण क्षण वाटतो. दुर्बलाचे रक्षण करावे, हेच तर मॅटचे स्वप्न होते. ते येथे एका म्हाताऱ्या धर्मगुरूने पुरे केले. त्याच्या अंगी कोणतीही अद्भुत शक्ती नव्हती. स्वतःच्या चर्चमध्ये, स्वतःच्या लोकांसमोर, उघड्या चेहऱ्याने त्याने ते केले, आणि त्यात त्याने कुणाला मारले नाही.

पहिल्या पर्वाच्या शेवटी विल्सन फिस्क चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतो. आपण त्या गोष्टीतील शोमरोनी नाही, याजक किंवा लेवीही नाही, आपण वाटमारे आहोत, असा निष्कर्ष तो काढतो. तोवर तो वस्तीचा उद्धारकर्ता म्हणून वृत्तपत्रांतून मिरवत होता. दानशूरपणा हा त्याचा मुखवटा होता. मालिकेने या दाखल्याचा उपयोग खलपुरुषासाठी केला. आम्हास तो नायकाला लावून पाहावासा वाटतो. लूकच्या शुभवर्तमानातील तो शोमरोनी आपले नाव सांगत नाही. आजतागायत ते कुणाला ठाऊक नाही. परंतु त्याचा चेहरा खाणावळवाल्याने पाहिला आहे. जखमीला त्याने स्वतःच्या जनावरावर बसवून आणले, खर्चाचे पैसे दिले आणि अधिक लागल्यास परतताना चुकते करण्याचा शब्द दिला. असा शब्द देणारा माणूस निनावी असला तरी बेजबाबदार नसतो. परत येईन, हिशेब देईन, असे तो म्हणतो. मुखवटाधारी मात्र काम उरकून काळोखात नाहीसा होतो.

हे सर्व न्यूयॉर्कमधील एका कल्पित वकिलापुरतेच राहिले असते, तर त्यासाठी वाचकांचा इतका वेळ आम्ही घेतला नसता. मुखवटाधारी नायक लोकांना प्रिय का होतात, हा खरा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. ज्या वस्तीत शेजाऱ्यांनी रडणे ऐकूनही दारे लावून घेतली, त्या वस्तीत मुखवट्याची मागणी निर्माण होते. आपण उघड्या चेहऱ्याने करायचे काम केले नाही, की ते कुणीतरी चेहरा झाकून करावे असे आपल्याला वाटू लागते. प्रतिष्ठित कुटुंब आहे, बोभाटा नको, धर्मग्रामाचे नाव खराब होईल, अशा शब्दांनी आपणही कितीदा तरी सभ्यतेचा मुखवटा चढवतो. तो मॅटच्या मुखवट्याइतका भीषण दिसत नाही, पण त्याच्या आड एखादे मूल एकटे पडू शकते.

या बाबतीत अलीकडच्या काळात कायद्याने आणि ख्रिस्तसभेनेही जी दिशा दाखवली आहे, ती येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. भारतात २०१२ साली बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा झाला. असा अपराध घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, त्याने पोलिसांना कळवणे या कायद्याने बंधनकारक केले आहे आणि न कळवणे हा गुन्हा ठरवला आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेतील अशा अपराधांची माहिती आपल्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना देणे हे धर्मगुरूंचे आणि व्रतस्थांचे कर्तव्य ठरवले. तशीच यंत्रणा प्रत्येक धर्मप्रांतात असावी असा आदेश दिला. भारतीय कायद्यातील एका तरतुदीकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. बालकाचे नाव व ओळख गुप्त ठेवण्याची काळजी हा कायदा घेतो. म्हणजे झाकायचाच असेल, तर तेथे पीडित बालकाचा चेहरा झाकला जातो. न्याय देणाऱ्याचा चेहरा उघडाच असतो. मुखवटाधारी नायकाच्या कथेत नेमके याच्या उलट घडते.

मॅट मर्डॉकला आम्ही दोषी ठरवून निघून जात नाही. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस फिस्कचा जीव त्याच्या हाती असतो आणि तो त्याला सोडून देतो. फादर लॅन्टम यांच्यासाठी झालेल्या शोकसभेत तो आपल्याच चेहऱ्याने लोकांसमोर उभा राहतो आणि बोलतो. ज्या दोन मित्रांपासून त्याने स्वतःला लपवले, त्यांच्याजवळ तो परततो. मुखवटा त्याने टाकून दिलेला नाही, त्यामुळे त्याचा प्रश्न सुटलेला नाही. पण शेजारच्या घरातून येणारे रडणे त्याने ऐकले आणि त्याने कान बंद करून घेतले नाहीत, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. त्याच्यासारखे कान आपल्यापैकी कुणालाही लाभलेले नाहीत. भिंतीपलीकडचे रडणे मात्र साध्या कानांनाही ऐकू येते. ते ऐकल्यावर आपण आपल्या नावानिशी, आपल्याच चेहऱ्याने त्या दाराशी जाणार आहोत काय, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने स्वतःपाशी द्यावयाचे आहे.